चौघांचा एक प्रकल्प: वाटणी प्रकरणांची नको, आकड्यांची करा

प्रश्न थोडक्यात असा: केमिकल इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, चौघांचा गट. गाईडनी विषय दिलाय, साखर कारखान्याला जोडून रोज ६० हजार लिटर म्हणजे ६० केएलपीडी इंधन-इथेनॉल तयार करणारा प्लांट. काम कसं वाटायचं? चौघांपैकी एकजण काहीच करत नाही, त्याचं काय करायचं? आणि विषय जुनाट वाटतो, तर तो बदलून ग्रीन हायड्रोजनसारखं काही घ्यावं का?

मी बरीच वर्षं प्रोसेस डिझाइनमध्ये काढली, त्यातली काही डिस्टिलरीच्याच कामात. आता अधूनमधून एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून व्हायव्याला (तोंडी परीक्षेला) बसतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. उत्तर लांबणार आहे.

बहुतेक गट वाटणी कशी करतात ते आधी सांगतो, कारण तुमचीही तशीच झाली असणार. मागच्या बॅचचं ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा बांधीव अहवाल, समोर ठेवायचं आणि अनुक्रमणिकेचे चार तुकडे करायचे. एकाला लिटरेचर सर्व्हे आणि प्रोसेस सिलेक्शन, दुसऱ्याला मटेरियल आणि एनर्जी बॅलन्स (माल आणि ऊर्जा किती आत येते, किती बाहेर जाते याचा हिशोब), तिसऱ्याला इक्विपमेंट डिझाइन, चौथ्याला कॉस्टिंग, सेफ्टी आणि लेआउट. कागदावर चारही वाटे सारखे दिसतात. प्रत्यक्षात पहिल्याचं काम गणपतीच्या सुट्टीपर्यंत संपतं आणि मग त्याला करण्यासारखं काही उरतच नाही. दुसरा दिवाळी उलटून गेली तरी बॅलन्समध्ये अडकलेला. तिसरा त्याच्या आकड्यांची वाट बघतोय, चौथा तिसऱ्याची. मार्चमध्ये सगळं एकदम अंगावर येतं. तुमच्या गटात जो काही करत नाही, त्याच्या वाट्याला लिटरेचर सर्व्हे आला होता का, एवढं एकदा तपासा. मी पाहिलेल्या बऱ्याच गटांत तसंच निघालं.

वेळापत्रक कोसळणं मात्र त्यातल्या त्यात परवडतं. मोठं नुकसान आकड्यांचं होतं. तुमच्याच प्लांटवर दाखवतो.

रोज ६० हजार लिटर इथेनॉल म्हणजे वजनात साधारण ४७.३ टन. सी-हेवी मोलॅसिसच्या, म्हणजे साखर काढून शेवटी उरलेल्या मळीच्या, एका टनातून २२५ लिटर मिळतात असं धरलं, तर रोज सुमारे २६७ टन मोलॅसिस लागेल. १८० किलो ग्लुकोजमधून ९२ किलो इथेनॉल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड, हे कागदावरचं गणित. फर्मेंटेशनची कार्यक्षमता ९० टक्के आणि पुढच्या डिस्टिलेशनमध्ये दीड टक्का तूट धरली, तर साधारण १०४ टन आंबणारी साखर हवी. म्हणजे मोलॅसिसमध्ये ती ३९ टक्के असायला हवी. सी-हेवीसाठी हे पटण्यासारखं आहे, म्हणून पुढे जायला हरकत नाही. अशी उलटतपासणी प्रत्येक गृहीतकाची करा. पाच मिनिटं लागतात.

आता फर्मेंटरमधून बाहेर पडणाऱ्या वॉशमध्ये, म्हणजे आंबलेल्या द्रवात, अल्कोहोल किती? दुसऱ्याने पुस्तकातून आकारमानाने १० टक्के घेतले. तूट धरून रोज ६१० घनमीटर वॉश झाला. अल्कोहोल वजा जाता उरणारं सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, साधारण ५५० घनमीटर. चौथ्याने हा आकडा घेऊन ते आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरचं कॉस्टिंग केलं. दरम्यान कुणीतरी कारखान्यात जाऊन आलं आणि तिथल्या शिफ्ट केमिस्टने सांगितलं, की आमच्याकडे आठच्या वर जात नाही. दुसऱ्याने आपल्या एक्सेलमध्ये १० च्या जागी ८ टाकले. शीट त्याच्या लॅपटॉपवर, बदल त्याच्या डोक्यात.

काय काय हललं बघा. वॉश ६१० वरून ७६० घनमीटर झाला, म्हणजे २५ टक्के वाढ. वॉशमधून अल्कोहोल वेगळं करणाऱ्या ॲनालायझर कॉलममधला वाफेचा ओघ त्याच प्रमाणात वाढला असं धरलं तर कॉलमचा व्यास सुमारे १२ टक्के वाढायला हवा. स्पेंटवॉश ५५० वरून ७०० वर गेला. पण त्यातले घन पदार्थ तेवढेच राहिले, कारण मोलॅसिस तेवढंच आहे. रोज ६६ टन घन पदार्थ धरा. स्पेंटवॉश ६० टक्क्यांपर्यंत आटवायचा म्हणजे शेवटी ११० टन घट्ट द्रव उरणार. पहिल्या हिशोबात रोज ४४० टन पाणी उडवायचं होतं, आता ५९०. ताशी १८ टनांचे जवळजवळ २५ टन झाले. वॉश पाव पटीने वाढला, इव्हॅपोरेटरवरचा भार मात्र तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त. वाफ तेवढी वाढली, म्हणून बॉयलर वाढला, बगॅस किंवा कोळसा वाढला, कूलिंग टॉवर वाढला. एका सेलमधला एक आकडा बदलला आणि चौघांचं काम जुनं झालं. तिघांना ते माहीतही नाही.

व्हायव्याला मी हेच शोधतो. यात आकस काही नाही. एखाद्या गटाने खरंच एकत्र काम केलंय की नाही, ते दोन प्रकरणांमधला वॉशचा आकडा जुळवून पाहिला की दहा मिनिटांत कळतं.

म्हणून वाटणी प्रकरणांनी करू नका, प्लांटच्या भागांनी करा. तुमच्या प्लांटचे चार भाग जवळजवळ आपोआप पडतात. एक, मोलॅसिस साठवण्यापासून फर्मेंटरपर्यंत. दोन, ॲनालायझर आणि त्यातून आलेलं अल्कोहोल आणखी शुद्ध करणारा रेक्टिफायर कॉलम. तीन, शेवटचं पाणी काढणारा मॉलिक्युलर सीव्ह, तयार इथेनॉलची साठवण आणि टँकर भरणं. चार, स्पेंटवॉश, इव्हॅपोरेटर, बॉयलर आणि कूलिंग वॉटर. प्रत्येकाने आपल्या भागाचा मटेरियल बॅलन्स करायचा, एनर्जी बॅलन्स करायचा, एक उपकरण नीट डिझाइन करायचं, त्याची किंमत काढायची आणि धोके लिहायचे. चौघंही केमिकल इंजिनीअर होणार आहात. नुसतं कॉस्टिंग केलेला केमिकल इंजिनीअर पुढच्या इंटरव्ह्यूमध्ये बोलणार काय? तिसरा भाग इतरांपेक्षा हलका आहे, म्हणून स्ट्रीम टेबल (सगळ्या प्रवाहांचा तक्ता) आणि फ्लोशीट (प्लांटचा आराखडा) सांभाळायचं काम त्याच माणसाकडे द्या. लिटरेचर सर्व्हे चौघांनी आपापल्या भागाचा करायचा आणि तो आटोपशीर ठेवायचा. इथेनॉलचा शोध कुणी लावला इथून सुरुवात करून चाळीस पानं लिहिणं म्हणजे नमनालाच घडाभर तेल.

आता आकड्यांची मालकी. प्रकल्पाचं एक पहिलं पान बनवा. इंडस्ट्रीत त्याला डिझाइन बेसिस म्हणतात. क्षमता, वर्षाचे चालू दिवस, मोलॅसिसमधली साखर, वॉशमधलं अल्कोहोल, इथेनॉलची शुद्धता, कूलिंग वॉटरचं तापमान, वाफेचा दाब, इंधनाचं उष्णतामूल्य. पंधरा-वीस ओळी पुरेत. प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी: आकडा, तो कुठून आला, त्याचा मालक कोण आणि कोणती रिव्हिजन. मालकाशिवाय कुणीही तो आकडा बदलायचा नाही. मालकाने बदलला तर रिव्हिजन वाढवायची आणि बाकी तिघांनी आपापलं काम नव्या आकड्यावर आणल्याची खूण करायची. शीट एकच, ड्राइव्हवर, आणि सगळ्यांच्या गणनेने आकडा तिथूनच उचलायचा. 'फायनल', 'फायनल२', 'फायनलखरं' अशा फाइली फिरू लागल्या की समजा हाताबाहेर गेलं.

भागांच्या सीमेवरून जाणारे प्रवाह हा दुसरा नाजूक भाग. तुमच्या प्लांटमध्ये एक प्रवाह हमखास राहून जातो. रेक्टिफायरमधून कितीही प्रयत्न केला तरी वजनाने ९५.६ टक्क्यांपुढे इथेनॉल मिळत नाही, तिथे पाण्याबरोबर त्याचा ॲझिओट्रोप होतो, म्हणजे द्रव आणि वाफ यांत दोघांचं प्रमाण सारखंच राहतं आणि डिस्टिलेशनने ते वेगळे होत नाहीत. इंधनासाठी ९९.५ च्या वर हवं, म्हणून मॉलिक्युलर सीव्ह. ३ए जातीच्या त्या मण्यांच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही. दोन बेड असतात. एक पाणी शोषतो तेव्हा दुसरा सुकवला जातो, आणि सुकवायला तयार झालेल्या इथेनॉलच्या वाफेचाच काही भाग वापरतात. तो भाग पाणी घेऊन परत रेक्टिफायरकडे येतो. समजा एक पंचमांश वाफ अशी परत गेली, तर रोज ४७.३ टन इथेनॉल बाहेर काढायला सीव्हमधून ५९ टन निघायला हवं. म्हणजे रेक्टिफायरने वरून पाव पटीने जास्त माल द्यायला हवा. सीव्हवाल्याला हे माहीत असतं, रेक्टिफायरवाल्याला नसतं, आणि कॉलम लहान निघतो. उपाय साधा आहे. सीमेवरच्या प्रत्येक प्रवाहाला नंबर द्या, देणारा आणि घेणारा अशी दोन नावं लिहा, आणि दोघांनी एकाच बैठकीत एकाच कागदावर तो मान्य करा.

सिम्युलेटरबद्दल, म्हणजे प्लांटचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. ॲस्पेनचं लायसन्स कॉलेजकडे असलं तर उत्तम, नसलं तर डीडब्ल्यूसिम फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरेसं आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने देशभरातल्या विद्यार्थ्यांकडून त्यावर फ्लोशीट करून घेतल्यात. त्या उघड्यावर आहेत, चाळून बघा. पण सिम्युलेटर उघडण्याआधी हाताने बॅलन्स करा, निदान वर केला तेवढा. कारण सांगतो. इथेनॉल आणि पाणी या जोडीसाठी कुणी आयडियल मॉडेल (दोन द्रवांचे रेणू एकमेकांशी आदर्श वागतात असं धरणारं) निवडलं, तर सिम्युलेटर बिनतक्रार ९९.९ टक्के इथेनॉल साध्या कॉलममधून काढून दाखवतो. त्या मॉडेलच्या जगात ॲझिओट्रोप नाहीच. एनआरटीएल हे आदर्श नसलेल्या मिश्रणांचं मॉडेल घेतलं की तो दिसतो. असा आयडियल कॉलम आणि त्यापुढे मॉलिक्युलर सीव्ह, दोन्ही एकाच फ्लोशीटमध्ये दाखवणारे गट मला भेटलेत. 'वरून ९९.९ येतंय, मग सीव्ह कशाला?' असं विचारल्यावर चौघं एकमेकांकडे बघतात. सीव्ह मागच्या ब्लॅक बुकमधून आलेला असतो, कॉलम सिम्युलेटरमधून.

आयत्या आकड्यांमध्ये आणखी एक सापळा तापमानाचा. आपल्या हातातली बरीच पुस्तकं अमेरिकन, त्यांतल्या काही उदाहरणांत कूलिंग वॉटर २५ अंशांवर येतं. तुमचा प्लांट सोलापूर किंवा लातूरकडे असेल तर उन्हाळ्यात कूलिंग टॉवर ३० अंशांच्या खाली पाणी देईल ही आशा सोडा. आणि यीस्टला फर्मेंटर ३२-३३ अंशांच्या वर गेलेला आवडत नाही. फर्मेंटेशनमध्ये प्रत्येक किलो इथेनॉलमागे साधारण १ ते १.५ मेगाजूल उष्णता निघते. तुमच्या क्षमतेला ती साडेपाचशे ते आठशे किलोवॅटच्या घरात जाते. फर्मेंटर ३३ वर, पाणी २५ ला आत आणि ३० ला बाहेर, असं धरलं तर सरासरी तापमानफरक ५ अंश मिळतो. तेच पाणी ३० ला आत आणि ३२ ला बाहेर धरलं तर उरतात १.८ अंश. हीट एक्स्चेंजरचं क्षेत्रफळ पावणेतीन पटीने वाढतं, पाणी अडीच पटीने. ऑगस्टमध्ये केलेलं डिझाइन एप्रिलमध्ये का चालत नाही, हे फर्मेंटेशनवाल्याने सांगितलं तर माझे त्याला पूर्ण मार्क.

कारखान्याची भेट चुकवू नका, आणि वेळेवर जा. गाळप हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये संपतो. तुमचं वर्ष सुरू होतं पावसाळ्यात. म्हणजे जुलैमध्ये एचओडींचं पत्र घेऊन गेलात तर साखरेचा कारखाना बंद असेल. डिस्टिलरी साठवलेल्या मोलॅसिसवर चालू असू शकते, पण वाफेची जोडणी बघायला दोन्ही चालू असताना गेलेलं बरं. तिथे जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत येऊ नका. ऑपरेटरशी बोला. ड्रॉइंग मागू नका, कुणी देणार नाही. असं विचारा: ॲनालायझर कॉलम साफ करायला किती दिवसांनी बंद करता? मोलॅसिसमधल्या कॅल्शियममुळे ट्रेवर जे साचतं, ते तुमच्या ब्लॅक बुकच्या डिझाइनमध्ये कुठेच नसतं. फेस आला की काय टाकता? इव्हॅपोरेटरच्या नळ्या किती वेळा धुता? या उत्तरांवरून चालू दिवसांचा आकडा बदलतो, जादा इव्हॅपोरेटर बॉडी ठेवायची की नाही ते ठरतं, आणि तुमच्या अहवालाला मागच्या बॅचपेक्षा वेगळं काहीतरी मिळतं. चौघांनीही जा. एकाने जाऊन बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवण्याने भागत नाही.

सेफ्टीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडे ते प्रकरण सर्वांत शेवटी आणि सर्वांत निष्काळजीपणे लिहिलं जातं. हेल्मेट, गॉगल, फायर एक्स्टिंग्विशर, संपलं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे १९ डिसेंबर २००७ रोजी टी२ लॅबोरेटरीज या छोट्या कंपनीत रिॲक्टर फुटला. चार जण गेले, ३२ जखमी झाले. शीतकरण बंद पडलं आणि प्रक्रिया आवरता आली नाही. कंपनीच्या दोन मालकांपैकी एक रसायनशास्त्रज्ञ होता आणि एक केमिकल इंजिनीअर. तपास करणाऱ्या केमिकल सेफ्टी बोर्डाने शिफारशी केल्या त्या थेट शिक्षणाबद्दल: केमिकल इंजिनीअरिंगच्या पदवीतच अशा प्रक्रियांचे धोके शिकवले जावेत. त्यानंतर तिथल्या अभ्यासक्रमाच्या निकषांमध्ये प्रक्रियेतल्या धोक्यांचा उल्लेख आला. भोपाळ आपल्या देशात घडलं. तरी आपल्याकडच्या किती ब्लॅक बुकांमध्ये एका तरी नोडचा, म्हणजे प्लांटच्या एका ठरावीक तुकड्याचा, खरा हॅझॉप (काय काय बिघडू शकतं याची पद्धतशीर तपासणी) असतो?

हॅझॉप ही मुळात बैठकच आहे. साठच्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय या रसायन कंपनीत ती पद्धत उभी राहिली तीच मुळी अशी, की वेगवेगळी माणसं एका टेबलाभोवती बसून एका पाइपबद्दल विचारत राहतात: प्रवाह थांबला तर, वाढला तर, उलटा गेला तर? एकट्याने रात्री दोन वाजता भरलेला हॅझॉपचा तक्ता म्हणजे हॅझॉप नव्हे. तुमच्या प्रकल्पात चौघांना खऱ्या अर्थाने एकत्र आणणारं काम हेच आहे. दोनच नोड घ्या, पण पूर्ण करा.

कुठले नोड, तेही सांगतो. पहिला, इथेनॉलच्या साठवण टाकीचा. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, १३ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्रात तो जवळजवळ वर्षभर ओलांडलेलाच. पण खरी गोम पुढे आहे. हवेत ३.३ ते १९ टक्के इथेनॉल असलं की ते मिश्रण पेट घेतं. ३० अंशांना टाकीतल्या द्रवावरची हवा इथेनॉलने तृप्त झाली, तर त्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या जवळ येतं, म्हणजे नेमकं त्या पट्ट्याच्या मध्ये. पेट्रोलच्या टाकीत एवढ्या तापमानाला वाफ इतकी दाट असते, की टाकीच्या आत ती सहसा पेटत नाही. इथेनॉलची पेटते. ही तुलना बाष्पदाबाच्या तक्त्यावरून स्वतः काढा आणि मग फ्लेम अरेस्टर, नायट्रोजनचं आवरण, अर्थिंग यांवर लिहा. मग ते यादीतून उचललेलं वाटणार नाही. दुसरा नोड फर्मेंटरचा. वरच्या हिशोबाने तुमच्याकडे रोज सुमारे ४६ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेच्या दीडपट जड आहे आणि त्याला वास नाही. रिकामा झालेला फर्मेंटर धुवायला कुणी आत उतरला तर काय होईल, आणि त्याला वाचवायला दुसरा उतरला तर? यावर एक पान लिहा.

कॉस्टिंग पटकन आटोपतो. क्षमता दुप्पट झाली की किंमत दुप्पट होत नाही. ०.६ चा घातांक धरला तर दीडपट होते. जुनी किंमत आजची करायला निर्देशांक वापरा, आणि डॉलरमधला आकडा आजच्या दराने गुणून 'भारतातली किंमत' म्हणू नका. पुण्या-मुंबईत आणि सांगली-कोल्हापूरकडे डिस्टिलरीची उपकरणं बनवणारे आहेत. एखाद्या कॉलमचा अंदाजे दर फोनवर मिळू शकतो आणि तो पुस्तकापेक्षा खरा असतो. आणि उत्तर कोटीच्या चौथ्या दशांशापर्यंत लिहू नका. या टप्प्यावरच्या अंदाजात तीस टक्के इकडेतिकडे होतंच.

आता न करणाऱ्या मित्राबद्दल. आधी त्याचा वाटा काय होता ते बघा, हे वर म्हटलंच. नव्या वाटणीत त्याला प्लांटचा एक भाग मिळाला, की लपायला जागा राहत नाही. त्याचा आकडा आला नाही तर स्ट्रीम टेबलमध्ये त्याच्या नावासमोर भोक दिसतं. काहीजण खरंच अडकलेले असतात. गेटची तयारी, प्लेसमेंट, घरची शेती, संध्याकाळची नोकरी. त्यांच्याशी सरळ बोला आणि तारखा आधीच ठरवून घ्या. दर आठवड्याला अर्ध्या तासाची बैठक, काय ठरलं याची पाच ओळींची नोंद, तारखेसह. ही नोंद पुढे गाईडकडे तक्रार करायची वेळ आली तर पुरावा ठरते, आणि बहुतेकदा ती वेळच येत नाही. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या मूल्यमापनात सांघिक काम हा स्वतंत्र मुद्दा असल्यामुळे गाईडनाही असा कागद हवाच असतो. तरीही तो काही करत नसेल तर जानेवारीतच सांगा. मे महिन्यात रडून उपयोग नाही, तेव्हा गाईडच्या हातात काही नसतं.

याच्या उलट माणसाबद्दल कुणी विचारत नाही. सगळं स्वतः करणारा टॉपर. गटाचा एकखांबी तंबू करतो, दुसऱ्याने केलेलं रात्री पुसून पुन्हा लिहितो, आणि वर म्हणतो की बाकीचे काही करत नाहीत. व्हायव्यात मी अशा गटाला एकच नियम लावतो: ज्याचा भाग, त्याला सोडून दुसऱ्याला विचारायचं. सीव्हबद्दल फर्मेंटेशनवाल्याला, बॉयलरबद्दल कॉलमवाल्याला. खोलात नाही, पण आत काय येतं, बाहेर काय जातं आणि का, एवढं चौघांनाही सांगता यायला हवं. म्हणून प्रत्येकाची गणना दुसऱ्या एकाने तपासून सही करायची पद्धत ठेवा. ऑफिसात आम्ही हेच करतो, तपासलं कोणी याची सही नसेल तर ड्रॉइंग बाहेर जात नाही.

आणखी एक गोष्ट बोलून टाकतो. गटात मुलगी असली की तिच्याकडे टायपिंग, पीपीटी आणि 'तुझं अक्षर चांगलं आहे' ही कामं सरकतात. डिझाइन मुलांकडे राहतं. व्हायव्यात मग तीच सर्वांत चांगलं बोलते आणि तिच्याच नावावर एकही उपकरण नसतं. तुमच्या गटात असं होत असेल तर आजच थांबवा.

वर्षभराचा वेळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनीअर्सची विद्यार्थ्यांसाठीची डिझाइन स्पर्धा १९३२ पासून चालू आहे आणि तिथे पूर्ण प्लांटचं उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं. आपल्याकडेही प्रत्यक्षात शेवटच्या महिन्यातच काम होतं, पण तेव्हा तुमच्या प्रश्नाची मांडणीच झालेली नसते. माझा सल्ला: पहिली पूर्ण फेरी, कच्ची का होईना, दिवाळीपर्यंत संपवा. बॅलन्सपासून किमतीपर्यंत, हाताने, गोल आकड्यांत. मग उरलेले महिने ती सुधारायला वापरा. कॉलमच्या ट्रेचं बारीक डिझाइन ऑक्टोबरमध्ये सुरू केलं आणि जानेवारीत कळलं की वॉश आठ टक्क्यांचा आहे, तर ते सगळं पाण्यात. आणि तयार प्रकल्प विकणारे लोक शहरोशहरी आहेत, हे आम्हाला माहीत असतं. त्यांचे आकडे आम्ही आधीच्या गटांकडून पाहिलेले असतात.

राहिला विषय बदलायचा प्रश्न. बदलू नका. ग्रीन हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रोलायझर हा विक्रेत्याकडून येणारा तयार डबा. चौघांना डिझाइन करायला कॉम्प्रेसर, टाक्या आणि विजेचं बिल उरतं. इथेनॉलमध्ये जैविक रिॲक्टर आहे, ॲझिओट्रोप आहे, अधिशोषण आहे, रीसायकल आहे आणि स्पेंटवॉशसारखा चिवट सांडपाण्याचा प्रश्न आहे. त्याचा सीओडी (प्रदूषण किती ते सांगणारा आकडा) लिटरमागे लाखभर मिलिग्रॅमच्या घरात असतो आणि डिस्टिलरीला एक थेंबही बाहेर सोडायची परवानगी नाही. नवेपणच हवं असेल तर ते कच्च्या मालात शोधा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाचा रस आणि सिरप इथेनॉलकडे वळवण्यावर निर्बंध आणले, तेव्हा त्यावरच अवलंबून असलेल्या कारखान्यांची पंचाईत झाली. तेव्हापासून हंगामात मोलॅसिस आणि बाकीच्या काळात मका, अशा दुहेरी प्लांटची चर्चा आपल्याकडे जोरात आहे. टनामागे साधारण ३८० लिटर धरले तर तुम्हाला रोज १६० टनांच्या आसपास मका लागेल. कॉलम आणि सीव्ह तेच राहतात. दळण आणि स्टार्चची साखर करणारा भाग नव्याने येतो. शेवटी उरलेला चोथा मोलॅसिसच्या घट्ट स्पेंटवॉशसारखा जाळायचा नसतो, वाळवून पशुखाद्य म्हणून विकायचा असतो, त्यामुळे चौथ्या भागाचं सगळं गणित बदलतं. हे गाईडना दाखवा. मोलॅसिसवर किती दिवस आणि मक्यावर किती, हा आकडा त्यांच्याकडून ठरवून घ्या आणि डिझाइन बेसिसच्या पानावर सर्वांत वर लिहा. मालकाच्या रकान्यात चौथ्या भागाच्या माणसाचं नाव घाला, कारण त्या आकड्याचा सर्वांत जास्त त्रास त्यालाच होणार आहे.